वसईच्या जिंजरब्रेडचा चारशे वर्षांचा इतिहास

१७ नोव्हेंबर २०१९, रविवार

आजपासून रोजनिशी. इथे कतारमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप झाल्यावर लोक विचारतील की हे सगळं उभं कोणी केलं, तेव्हा पुरावा हवा. आमची कंपनी स्टेडियममध्ये खुर्च्या बसवते. खुर्च्यांचं एकेक ड्रॉइंग, एकेक मंजुरी माझ्या हाताखालून जाते. हुद्दा डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे मी, थॉमस तुस्कानो, नसतो तर जगाला मॅच उभ्याने बघावी लागली असती.

सकाळी डायव्हर्जन पुन्हा बदललेलं. काल उजवीकडे, आज डावीकडे. अख्खं दोहा खणून ठेवलंय. कॉलरला धूळ, दातांत धूळ. वीट आला.

पँट्रीत युर्गन भेटला. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. जर्मन. आजवर माझ्याशी प्रिंटरखेरीज कशावरही बोललेला नाही. आज त्याने पुडा पुढे केला. त्याच्या आईने पाठवलेला जिंजरब्रेड. तपकिरी चकती, वर साखरेचा पांढरा थर. खाल्ली. शी. सुंठ. लहानपणी डोकं दुखलं की आय सुंठ उगाळून माझ्या कपाळाला लावायची. कपाळाला लावायची वस्तू हे लोक गोड करून खातात. पाण्याबरोबर गिळली आणि मान डोलावली.

युर्गनने विचारलं, तू कॅथलिक ना, तुमच्याकडे नाताळात असं काही करतात का? आता काय सांगणार? फुगे? तेलात तळलेले पिठाचे गोळे? नेवऱ्या? मी म्हणालो, असं काही नाही, हेच करतात. आमच्या वसईत, आमच्या घरात. चारशे वर्षं.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं आज माझ्या करिअरला वळण लागलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मार्थाला सांगितलं. मार्था हॉस्पिटलात नर्स आहे, त्यामुळे तिला कशाचंच कौतुक नाही. ती म्हणाली, आपल्याकडे जिंजरब्रेड कोणी केला कधी? मी म्हणालो, कोणी केला नाही हे तू कशावरून म्हणतेस? चारशे वर्षांपूर्वी तू होतीस का तिथे?

ती इस्त्री करत राहिली. मुद्दा पटला असावा.

२० नोव्हेंबर, बुधवार

अभ्यास सुरू केला. विषय प्रचंड आहे. जिंजर हा शब्दच मुळात आपल्या शृंगवेरवरून निघाला. शृंग म्हणजे शिंग, आल्याच्या तुकड्याला शिंगं असतात म्हणून. तो ग्रीकांकडे गेला आणि तिथून सगळीकडे. पुढे जिंजरब्रेड म्हणजे नुसतं साखरेत मुरवलेलं आलं होतं, ब्रेडचा त्याच्याशी संबंध नव्हता, ते नाव नंतर बिघडत बिघडत तसं झालं. म्हणजे मूळ वस्तू आलेपाक. आलेपाकाचीही मला किळस आहे, पण तो वेगळा विषय.

पुढे वाचलं. हजारएक वर्षांपूर्वी एक आर्मेनियन साधू फ्रान्सला गेला आणि त्याने तिथल्या लोकांना मसाल्याचा केक करायला शिकवला, असं सांगतात. मसाला कुठून आला हे कोणी सांगत नाही. न्यूरेंबर्ग नावाच्या गावात तर हे भाजणाऱ्यांचा संघच होता. बाकीच्यांना वर्षभर भाजायला बंदी, फक्त नाताळ आणि ईस्टरला सूट. इंग्लंडच्या एका राणीने म्हणे दरबारात आलेल्या पाहुण्यांच्याच आकाराचे जिंजरब्रेड करून त्यांना वाढले होते.

याला म्हणतात ट्रॅडिशन. आणि आमचे लोक फुगे तळतात.

ॲश्लिनला हे सगळं वाचून दाखवलं. आमची मुलगी, सातवीत आहे, मराठी समजतं पण तोंडातून इंग्लिशच येतं. म्हणाली, ‘पपा, दॅट्स नॉट ट्रॅडिशन. दॅट्स गूगल.’

तिच्या शाळेत काय शिकवतात याची चौकशी करणार आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

युर्गनला न्यूरेंबर्गच्या संघाची माहिती दिली. सविस्तर दिली, कारण त्याला ती नसेल असं वाटलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की तो न्यूरेंबर्गचाच आहे. मग मी त्याला दोन-तीन तपशील पुन्हा नीट समजावून दिले.

त्याने विचारलं की वसईला पोर्तुगीज होते, पण पोर्तुगीजांकडे जिंजरब्रेडचं एवढं प्रस्थ नाही, मग तुमच्याकडे कसा आला? बिनतोड प्रश्न. मी त्याहून बिनतोड उत्तर दिलं. म्हणालो, तेच तर. ते विसरले, आम्ही जपला.

तो खूश झाला. प्रोजेक्टच्या न्यूजलेटरमध्ये ‘आपली माणसं, आपल्या परंपरा’ असं सदर आहे. त्यात लिही म्हणाला. आजपर्यंत त्यात फक्त मॅनेजर लोकांचं आलंय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

निश्चय: लेख छापून येण्याआधी एकदा करून बघायचा. वैज्ञानिक दृष्टी.

रेसिपीत मोलासिस म्हणजे आपली काकवी. ती आणायला अल मन्सूराला गेलो. जुन्या इमारती, खाली हॉटेलं, फुटपाथवर सांबाराचे ओघळ. गराफातल्या माणसाने तिथे जावं लागणं हीच शिक्षा. (आम्ही गराफात व्हिलात राहतो. व्हिलाचे भाग पाडलेत, आमचा भाग मागचा, पण पत्ता व्हिलाचा आहे.) किराणावाल्या उस्मानला मोलासिस मागितलं. त्याने विचारलं, ‘कौनसा फ्लेवर?’ मला आवडलं. इतका चोखंदळ दुकानदार हल्ली मिळत नाही. डबल ॲपल घेतलं. डब्यावर हुक्क्याचं चित्र होतं. मला वाटलं ब्रँड असेल.

मार्थाने डबा वाचला आणि सरळ कचऱ्यात टाकला. त्यात तंबाखू असतो म्हणे. हॉस्पिटलातली माणसं प्रत्येक गोष्टीत रोग बघतात.

शेवटी खजुराचं सिरप वापरलं. इथे त्याला दिब्स म्हणतात. सुंठ, लवंग, दालचिनी, मध. कणीक हाताला अशी चिकटली की ओल्या सिमेंटमध्ये हात घातल्यासारखं वाटलं. वास खोकल्याच्या काढ्याचा. ओव्हनमधून निघालं ते बाहेरून काळं आणि आत गिळगिळीत. मी एक घास घेतला आणि तो बेसिनमध्ये सोडला. आता लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय, चांगलं नव्हे, दुसरं.

पहिल्या प्रयोगाच्या मानाने उत्तम.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

छापून आलं. फोटो हेल्मेट घातलेला. लेखात थोडं साहित्यिक स्वातंत्र्य घेतलंय. माझी आजी इनास पहाटे उठून सागवानी साच्यांत जिंजरब्रेड घालायची, आमचं सगळं भुईगाव त्या वासाने जागं व्हायचं, आणि साचे एका पुरात वाहून गेले. पुरावा मागणाऱ्यांसाठी पूर फार उपयोगी पडतो.

संपूर्ण ऑफिसने वाचलं. फिलिपिनो रिसेप्शनिस्टने अंगठा दाखवला. युर्गन म्हणाला की वाचून त्याला त्याच्या आजीची आठवण आली. त्याची आजीसुद्धा पहाटे उठायची.

मलाही आठवण आली. आजी इनास पहाटे उठायची हे खरंच आहे. उठून ती कोंबड्यांना शिव्या द्यायची.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

घात झाला. ट्रेवरने न्यूजलेटर आमच्या वसईकर ग्रुपवर टाकलं. ट्रेवर डिमेलो, वसईतल्या गास गावचा. मन्सूरातच राहतो, क्लिनिकमध्ये अकाउंट्स बघतो. सगळ्यांशी मोठ्याने हसून बोलायची खोड. त्याला ते कुठून मिळालं कळत नाही.

ग्रुपवर दोहातले सगळे वसईकर आहेत. आता कोणी तरी विचारणार, थॉमस, हे कुठलं काढलंस? मी फोन उलटा करून ठेवला. जेवण गेलं नाही. मार्थाने विचारलं काय झालं, मी म्हणालो ॲसिडिटी.

तीच, नंतर

फोन बघितला. एकाही माणसाने हरकत घेतलेली नाही. उलट एकाने लिहिलंय, अगदी बरोबर, आमच्या नंदाखालच्या घरी पण असायचा. दुसरी कोणी लिहिते, माझी आजी त्यात खोबरं घालायची. तिसऱ्याने तर डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची चित्रं टाकलीत.

मी सुन्न झालो. आणि आता, जसजसा विचार करतो, तसतशी किळस वाटायला लागली आहे. ही माणसं साफ खोटं बोलत आहेत. यांच्या घरी जिंजरब्रेड कधीच नव्हता. मला पक्कं माहीत आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

ट्रेवरने कहर केला. त्याने लिहिलंय की जिंजरब्रेड मूळचा गासचा, भुईगावला तो लग्नात मुलगी दिली तेव्हा गेला. आणि अस्सल जिंजरब्रेड ताडीत भिजवलेल्या पिठाचा असतो, सुंठ नावापुरती. बत्तीस जणांनी अंगठे दाखवले. काही भुईगावचे होते.

मी रीतसर उत्तर लिहिलं. पोर्तुगीज, आर्मेनियन साधू, शृंगवेर, सगळं. ट्रेवरने उत्तर दिलं, वा थॉमस, मस्त लिहितोस. आणि खाली जाहीर केलं की तेराला समैस्माला बीचवर व्हिला घेऊन नाताळचा कार्यक्रम आहेच, तर तिथे अस्सल वसई जिंजरब्रेडची स्पर्धा ठेवू. तुमच्या युर्गनसाहेबांनाही बोलावलंय, त्यांचं उत्तर पण आलं, येतो म्हणून.

न्यूजलेटरच्या पत्त्यावर त्याने परस्पर ईमेल केला. माझ्या साहेबाला. परंपरेची चोरी तर होतीच, आता साहेबाचीही.

ठीक आहे. जिंकणार मी. ही वस्तू माझी आहे. मी ती शून्यातून, म्हणजे चारशे वर्षांतून, वर काढली आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

आय आली. नाताळसाठी व्हिजिट व्हिसावर. तिकीट सप्टेंबरमध्येच काढलं होतं, तेव्हा हे काही नव्हतं. विमानतळावर तिची बॅग पट्ट्यावरून माझ्याकडे येण्याआधी बॅगेचा वास आला. सुके बोंबील. तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत, वरून तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी दोन पावलं लांबून ट्रॉली ढकलली.

घरी आल्यावर बोंबील थेट गल्लीतल्या कचरापेटीत टाकून आलो. मांजरांनी एकमेकांचे कान फाडले. आय दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. म्हणजे तिलाही आता शिस्त कळायला लागली आहे.

संध्याकाळी तिला सूचना दिल्या. युर्गनसाहेबांसमोर आपली बोली नको, बोलायचंच तर पुस्तकी मराठी. मोठ्याने बोलायचं नाही. शक्यतो बोलायचंच नाही. कोणी जिंजरब्रेड म्हटलं की हो म्हणायचं.

तिने विचारलं जिंजरब्रेड म्हणजे काय. मी सांगितलं, तुझी सासू करायची तो.

‘माझी सासू?’ ती म्हणाली. ‘तिने उभ्या जन्मात काळा चहा सोडून गोड काही केलं नाही.’

मी म्हणालो, आता केलंय, छापून आलंय.

८ डिसेंबर, रविवार

ऑफिसमधून आल्यावर आयचा सराव घेतला. साचे कशाचे? सागवानी. कुठे गेले? पुरात. सासूचं नाव? इनास. हे तिला आधीपासून येत होतं.

तिचं पाठांतर बरं आहे, पण ती मनाचं घालते. आज म्हणाली की एका साच्यात मासा होता आणि एकात होडी, आणि सासू होडीवाला साचा फक्त थोरल्या मुलाला द्यायची, त्यावरून दिरांची भांडणं व्हायची. हे मी कधीच सांगितलेलं नाही. ॲश्लिन अभ्यास सोडून ऐकत बसली. विचारलं, अँड देन? मग आयने भांडण पुढे कोर्टापर्यंत नेलं.

मी दोघींना थांबवलं. इतिहासात असं वाटेल ते चालत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

आज मन्सूराला मेट्रो सुरू झाली. ट्रेवरने जिन्यातून खाली उतरून स्टेशनात शिरतानाचा व्हिडिओ टाकला. गराफात मेट्रो नाही. ज्यांच्या फुटपाथवर सांबार वाहतं त्यांना आधी मेट्रो.

घरी तिसरा प्रयोग. माणसांच्या आकाराचे केले. ओव्हनमध्ये ते पसरून एकमेकांत मिसळले. ट्रेमधून एकच माणूस निघाला, त्याला चार डोकी. हाताला, केसांना, बाथरूमच्या टॉवेललाही तो सुंठीचा वास. रात्रीचं जेवण जात नाही, सगळं कपाळाला लावल्यासारखं लागतं.

आय ओव्हनच्या काचेतून बघत होती. म्हणाली, पीठ सैल आहे, थोडा वेळ झाकून ठेव आणि तूप कमी कर. मी तिला सांगितलं की हे युरोपीय शास्त्र आहे, यात भाकरीचं डोकं चालत नाही. ती टीव्हीसमोर जाऊन बसली. टीव्ही बंद होता.

१२ डिसेंबर, गुरुवार

अंतिम तयारी. चार डोक्यांचा माणूस पुन्हा झाला, यावेळी पाच. मी ठरवलं की हा दोष नाही, शैली आहे. आयसिंगने प्रत्येक डोक्याला डोळे काढले. मार्था ड्यूटीवरून आली, ट्रेकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘ह्याला काय झालंय?’ नर्सच्या आवाजात.

उद्या कळेल.

१४ डिसेंबर, शनिवार

काल लिहिणं जमलं नाही. आज लिहितो, कारण सत्य नोंदवलं गेलं पाहिजे.

समैस्मा. समुद्र ठीक. वाऱ्याने वाळू सगळ्या जेवणात. टेबलावर आठ-नऊ ताटं, सगळी तपकिरी, सगळ्यांवर पाट्या: अस्सल नंदाखाल, अस्सल निर्मळ, अस्सल आगाशी. तीन आठवड्यांपूर्वी यांपैकी एकालाही जिंजरब्रेडचं स्पेलिंग येत नव्हतं. युर्गन एकेका ताटासमोर हात मागे बांधून उभा राहत होता, म्युझियममध्ये राहतात तसा.

परीक्षक कोण, यावर चर्चा. ट्रेवर म्हणाला, ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांनीच सांगावं. सगळ्यांत वडील कोण? माझी आय.

मी मनातल्या मनात क्रुसाची खूण केली. सख्खी आई परीक्षक, ती पण माझ्या हाताखाली तयार झालेली. निकाल लागल्यात जमा होता. मी युर्गनच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, फोटो चांगला यावा म्हणून.

आय एकेक ताटापाशी गेली. तुकडा तोडायची, डोळे मिटून चावायची, पाणी प्यायची. कुठल्याच ताटाला तोंड वाकडं केलं नाही. माझ्या ताटापाशी आली. पाच डोक्यांपैकी एक तोडलं, चावलं. बराच वेळ चावलं. मग मान वळवून ते हळूच रुमालात घेतलं. पुढे गेली. ट्रेवरच्या बायकोच्या ताटातला तुकडा खाल्ला, मग आणखी एक घेतला, मग तिसरा.

आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘माझी सासू करायची तो हाच.’

टाळ्या. ट्रेवरच्या बायकोने तिच्या गळ्यात हात टाकले. लोकांनी खुर्ची आणली, आयला बसवलं आणि विचारायला लागले. आणि ती बोलायला लागली. आपल्या बोलीत, मोठ्याने, हात हलवून. साचे सागवानी नव्हते म्हणे, फणसाच्या लाकडाचे होते. होडी, मासा, दिरांची भांडणं, कोर्ट, आणि कोर्टातला जज्ज भुईगावला जेवायला आला आणि त्याने जिंजरब्रेड खाऊन केस मिटवली. बायका डोळे पुसत हसत होत्या. युर्गन मला सारखा विचारत होता, काय म्हणाली, काय म्हणाली. मी जमेल तेवढं भाषांतर केलं. जिथे माझ्या लेखाशी विसंगत होतं ते गाळलं. बरंचसं गाळावं लागलं.

शेवटी युर्गनने दोन्ही हातांनी आयचा हात धरला. माझा हात त्याने वाढदिवसालाही धरलेला नाही.

गाडीने घरी निघालो. गराफाच्या सिग्नलला मी विचारलं, आय, असं का केलंस? माझं ताट कुठलं तुला माहीत होतं.

ती म्हणाली, ‘तू सांगितलंस तेवढं सगळं खोटं बोलले बाबा. वर दोन माझ्या पदरचं घातलं. पण चवीचं खोटं माझ्याने बोलवत नाही.’

मागच्या सीटवर मार्था खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. तिला सर्दी झाली असावी, समुद्राचा वारा.

१५ डिसेंबर, रविवार

युर्गन माझ्या टेबलाशी आला. मी उठून उभा राहिलो. तो म्हणाला की न्यूजलेटरच्या नव्या अंकात ट्रेवरच्या घरच्यांचा आणि माझ्या आयचा फोटो येणार, आणि खरी कृती. आधीच्या लेखात काही गोष्टी चुकीच्या गेल्या होत्या, उदाहरणार्थ लाकूड. तो रागावलेला नव्हता. म्हणाला, कौटुंबिक आठवणींत असं होतं.

न्यूजलेटरसुद्धा प्रोजेक्टचं डॉक्युमेंट आहे. नवी आवृत्ती आली की जुनीवर ‘सुपरसीडेड’चा शिक्का मारून ती बाजूला काढायची. हे काम डॉक्युमेंट कंट्रोलरचं.

मारला. शिक्का माझ्या फोटोतल्या हेल्मेटवर आला.

१६ डिसेंबर, सोमवार

ट्रेवर येऊन आयला घेऊन गेला. ग्रुपमधल्या बायकांना नाताळच्या आधी तिच्याकडून शिकायचंय. दोन दिवसांचा प्रश्न आहे म्हणाला. मी परवानगी दिली. मन मोठं ठेवलं. आयने बॅग भरली तेव्हा मी बघितलं नाही, नाहीतर विचारलं असतं की दोन दिवसांना एवढं सगळं कशाला.

घर शांत आहे. शेवटी नीट विचार करता येईल.

१८ डिसेंबर, बुधवार

नॅशनल डेची सुट्टी. आय आली नाही. मार्था आणि ॲश्लिन सकाळीच मन्सूराला गेल्या. मला विचारलं, येतोस का. मी म्हणालो, माझी कामं आहेत.

कामं: पंख्याची पाती पुसली. माझ्या जिंजरब्रेडचा उरलेला डबा फ्रिजमध्ये होता, तो काढला. दगड झालाय. दाताने तुटत नाही. चहात बुडवून ठेवला तर चहा बिघडला. वर तपकिरी तवंग. बेसिनमध्ये ओतला, बेसिनलाही वास.

ग्रुपवर फोटो आले. आयचा ॲप्रन, ॲश्लिनच्या नाकाला पीठ. खाली कोणी लिहिलंय, आपली परंपरा पुढच्या पिढीकडे.

माझं नाव कुठेही नाही. ज्याने ही परंपरा निर्माण, म्हणजे उजेडात आणली, त्याचं.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज स्वतः गेलो आयला आणायला. ठरवून गेलो होतो की कडक बोलायचं. पाच दिवस झाले, लोक काय म्हणतील, आणि नाताळ तोंडावर.

ट्रेवरच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद. जिन्यात खालच्या हॉटेलाचं तेल, भिंती चिकट. वर दार उघडंच होतं. आत सात-आठ बायका टेबलाभोवती, ट्रेवर जमिनीवर बसून साखर चाळत होता. आय मधे. बोलत होती. जज्ज आता जेवायला एकटा येत नव्हता, त्याची बायकोही आली होती आणि तिला होडीचा साचा हवा होता. मी दारात उभा राहिलो. गोष्ट संपेपर्यंत कोणाचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. खरं म्हणजे मलाही ती अर्धवट टाकून आत शिरावंसं वाटलं नाही.

मग आयने बघितलं. हात पुसत बाहेर जिन्यावर आली. दार ओढून घेतलं.

मी म्हणालो, चल, गाडी खाली डबल पार्क केलीय. ती म्हणाली, नाताळला येईन ना. जेवायला.

जेवायला. पाहुण्यांसारखं. मी विचारलं, म्हणजे राहणार इथे? या जिन्यात? ट्रेवरकडे? घरी तुला काय कमी आहे? तिने जरा विचार केला. ती कधी चटकन उत्तर देत नाही, हे मी विसरलो होतो.

‘इथे मला बोलायला मिळतं,’ ती म्हणाली.

मी म्हणालो, मग घरी बोल की. कोणी अडवलंय?

‘घरी कोण ऐकतं, थॉमस?’

रागाने नाही म्हणाली. दूध संपलंय असं सांगावं तसं म्हणाली. मग माझ्या कॉलरवरची धूळ झटकली आणि आत गेली. आतून सगळ्या एकदम म्हणाल्या, मग पुढे?

मी जिना उतरून खाली आलो. गाडीत बसल्यावर एक उत्तर सुचलं, पण ते फारसं बरं नव्हतं.